निवृत्ती सोनकांबळे यांचं एम. ए.

प्रवेशाच्या दिवसांत आमच्या विभागात प्रत्येक विद्यार्थ्याला समोर बसवून दोन-चार प्रश्न विचारायची पद्धत आहे. अर्थशास्त्रातच एम. ए. का करायचं, हा त्यातला ठरलेला प्रश्न, आणि उत्तरंही बहुतेक ठरलेलीच. कुणी स्पर्धा परीक्षा म्हणतं, कुणी बँक. एखादी मुलगी खरं सांगून टाकते की घरचे स्थळ बघतायत, तोवर.

त्या वर्षी माझ्यासमोर जो माणूस येऊन बसला त्याचे केस पिकलेले होते. उजव्या तळहातावर जुन्या भाजल्याची गुळगुळीत, चकाकणारी कातडी होती. वीज कंपनीतून लाईनमन म्हणून काम करत करत प्रधान तंत्रज्ञ होऊन तो नुकताच रिटायर झाला होता. नाव निवृत्ती सोनकांबळे, गाव इस्लापूर. मी ठरलेला प्रश्न विचारला.

"बायको काय बोलायची ते समजून घ्यायचं हाय," तो म्हणाला.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. "म्हणजे?"

"ती इकॉनॉमिक्सची मॅडम होती. उदगीरला, ज्युनिअर कॉलेजात. लई बोलायची. मला त्यातलं निम्मं कळायचं न्हाई, अन् निम्म्यात झोप लागायची. आता ती न्हाई. म्हनलं, शिकून बघावं."

मी नांदेडच्या या कॉलेजात बरीच वर्षं शिकवते आहे. मुलं मला मनस्विनी मॅडम म्हणतात. इतक्या वर्षांत हे उत्तर मी पहिल्यांदा ऐकत होते. मग मी त्यांच्या बी. ए. चं विचारलं. ते त्यांनी नोकरी करता करता बाहेरून केलं होतं. "तिनंच करायला लावलं," ते म्हणाले. त्यांना प्रवेश मिळाला.

पहिल्या आठवड्यात मी त्यांना वर्गात 'काका' म्हटलं. तास संपल्यावर ते टेबलाशी आले. "मॅडम, हजेरीत जे नाव हाय तेच घ्या. काका म्हनलं की पोरं मला सोडून देतात, अभ्यासात धरत न्हाईत." तेव्हापासून मी त्यांना सोनकांबळे म्हणू लागले. मनात मात्र ते निवृत्तीरावच राहिले.

वर्गात ते दुसऱ्या बाकावर, भिंतीकडेला बसत. मी बोलत असताना माझ्या तोंडाकडे असं बघत की कधी कधी मलाच अवघडल्यासारखं व्हायचं. लिहून फारसं घेत नसत. बाकीची मुलं परीक्षेला काय येणार ते हेरत असायची. हा माणूस मात्र दुसरंच काहीतरी शोधतो आहे, हे मला दिसत होतं, पण नेमकं काय ते पहिल्यांदा कळलं ते घटत्या सीमांत उपयोगितेच्या तासाला.

हा नियम सोपा आहे. उन्हातून आलेल्या माणसाला पहिला पेला पाणी अमृत वाटतं, दुसरा बरा वाटतो, चौथा नको होतो. एखादी गोष्ट मिळत गेली की तिची गोडी कमी कमी होत जाते. मी फळ्यावर उतरता वक्र काढला. निवृत्तीरावांनी हात वर केला.

"मॅडम, हे पान्याला लागू हाय. माणसाला न्हाई."

वर्ग हसला. मी म्हटलं, "सांगा की, का नाही?"

"मी अन् मंडळी तीस वर्सं भेटत होतो. गोडी कमी झाली न्हाई. हा वक्र खाली आलाच न्हाई."

पोरं आणखी हसली. मी त्यांना गप्प केलं आणि सांगितलं, "या नियमाला एक अट आहे, सोनकांबळे. ती वस्तू सलग मिळायला हवी, मधे खंड पडता कामा नये. सकाळी एक पेला आणि संध्याकाळी एक पेला, असं असेल तर नियम लागू होत नाही."

त्यांनी फळ्यावरच्या वक्राकडे बघितलं. मग म्हणाले, "मंग नियम बरोबर हाय. आमचं सलग कधी झालंच न्हाई."

आता कुणी हसलं नाही. मी पुढचा मुद्दा घेतला.

त्यानंतर हळूहळू, कधी व्हरांड्यात, कधी कँटीनमध्ये, त्यांनी मला सगळं सांगितलं.

त्यांची बायको विशाखा उदगीरची. वडील तिथल्या मोंढ्यात धान्याची पोती उचलायचे, पण मुलीला त्यांनी शिकवलं, आणि अर्थशास्त्रच का तर बाबासाहेबही तेच शिकले होते म्हणून. ती एम. ए. झाली, चांगल्या मार्कांनी झाली. निवृत्ती त्या वेळी आयटीआय करून वीज मंडळात लागलेला, इस्लापूरच्या बाजूला खांबावर चढणारा. स्थळ आलं तेव्हा तिच्या मामांनी विरोध केला. एवढी शिकलेली मुलगी वायरमनला का द्यायची? पण बघण्याच्या कार्यक्रमात ती बोलत होती आणि हा मान खाली घालून ऐकत होता. ती घरच्यांना म्हणाली, मला ऐकणारा माणूस चालेल.

"मी लाजून गप्प होतो," निवृत्तीराव मला म्हणाले. "तिला वाटलं ऐकून राहिलोय."

लग्नानंतर वर्षाच्या आत तिला उदगीरलाच ज्युनिअर कॉलेजात जागा मिळाली. कायम, अनुदानित जागा. ती सोडणं म्हणजे वेडेपणा. त्यांची नोकरी किनवट तालुक्यात, कधी इस्लापूर, कधी माहूरकडं. नकाशात बघितलं तर दोन गावांच्या बरोबर मधे नांदेड. नांदेडला त्यांची थोरली बहीण विठाबाई राहायची. दोन खोल्यांचं घर, समोरच्या खोलीत एक लोखंडी पलंग. या जोडप्याचा संसार त्या खोलीत झाला.

शनिवारी अर्धा दिवस कॉलेज करून विशाखा उदगीरहून बसनं निघायची. हे इस्लापूरजवळच्या सहस्रकुंडच्या स्टेशनावरून गाडी पकडायचे. संध्याकाळी नांदेडच्या बस स्टँडवर भेटायचे, विठाबाईकडं जायचे. रविवारी सकाळी गोदावरीच्या घाटावर जाऊन बसायचे आणि दुपारी आपापल्या वाटेनं परत. मुलगी झाली, धम्मप्रिया, तिचाही जन्मापासून हाच क्रम. आईजवळ राहायची आणि बापाला शनिवारी भेटायची. लहानपणी ती बापाला 'शनिवारचे पप्पा' म्हणायची. घरात सगळे हसायचे. निवृत्तीरावही हसायचे.

सगळेच शनिवार साधत नसत. किनवटच्या जंगलात वादळ झालं की झाडं तारांवर पडत. मग चार चार गावं अंधारात, आणि लाईनमनला कसली आली सुट्टी? तेव्हा मोबाइल नव्हते. विशाखा मुलीला मांडीवर घेऊन स्टँडच्या बाकड्यावर बसायची. किनवटकडून येणारी प्रत्येक गाडी बघायची, कारण रेल्वे चुकली असेल तर तो बसनं येईल. अंधार पडला की उठून विठाबाईच्या घरी जायची. पुढच्या शनिवारी भेट झाली की ती एवढंच म्हणायची, "मागच्या खेपेला मागणी होती, पण पुरवठा नव्हता."

"हे मात्र मला कळायचं," निवृत्तीराव म्हणाले. "पुरवठा म्हनजे आपल्याच खात्याचा शब्द."

ती बोलायची फार. आठवडाभर ज्युनिअर कॉलेजात काय शिकवलं, सरकारनं काय केलं, तूर एवढी महाग का झाली, बँका पैसा कसा निर्माण करतात. त्या पलंगावर भिंतीला टेकून बसायची आणि हात हलवत बोलत राहायची. निवृत्तीराव आठवडाभर खांबावर चढ-उतर करून आलेले असत. पाठ टेकली की पापण्या जड व्हायच्या. ती बोलत असायची, ते 'हाव, हाव' म्हणत असायचे आणि त्यातच डोळा लागायचा. ती रागवायची नाही. त्यांच्या अंगावर चादर टाकायची आणि विठाबाईला म्हणायची, "बघा, लेक्चर संपलं."

दोघांनी ठरवलं होतं. निवृत्तीराव आधी रिटायर होणार. मग ते उदगीरला येऊन राहणार. तिची दोन-तीन वर्षं राहतील, तोवर तिला डबा करून देणार. ते भाकरी थापायलाही शिकले होते. खोलीत एकट्यानं राहून सगळं येतं माणसाला.

त्यांच्या निवृत्तीला वर्षभर राहिलेलं असताना, फेब्रुवारीत, विशाखाबाई वर्गात शिकवता शिकवता खाली बसल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. लातूरला नेलं. निवृत्तीराव इस्लापूरहून निघाले, नांदेडला आले, तिथून लातूरची बस धरली. ते पोचले तेव्हा त्या होत्या, पण डोळे मिटलेले. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, कदाचित ऐकू येत असेल.

"म्हनून मी बोललो," निवृत्तीराव म्हणाले. "जल्मात पहिल्यांदा मी एकटा बोलत होतो अन् ती गप होती. काय बोलावं सुचंना. ट्रान्सफॉर्मर जळला होता तेच सांगत बसलो."

दुसऱ्या दिवशी ती गेली.

ते पुन्हा कामावर गेले, वर्ष काढलं, रिटायर झाले. धम्मप्रिया हैदराबादला नोकरीला होती, ती म्हणाली, माझ्याकडं या. ते गेले, आणि महिनाभरात परत नांदेडला विठाबाईकडं आले. एके दिवशी आमच्या कॉलेजच्या फाटकावरून जाताना प्रवेशाचा फलक दिसला आणि ते आत शिरले. विठाबाई शेजारणींना सांगायची, "मास्तरीन गेली अन् हा शाळंत गेला."

अभ्यास त्यांना सोपा नव्हता. पहिल्या सत्रात संख्याशास्त्राचा पेपर राहिला. प्रमाण विचलन, सहसंबंध यांची सूत्रं पाठ होत, पण परीक्षेत आकडे कुठं घालायचे ते विसरायला व्हायचं. वर्गातली देगलूरची महादेवी नावाची मुलगी त्यांना ग्रंथालयात घेऊन बसायची. ती हुशार होती आणि फटकळही. "सोनकांबळे, तुमी खांबावर शॉक बसून बी वाचलात, हे तर गणित हाय," असं म्हणायची. दुसऱ्या खेपेला ते कसेबसे पास झाले.

एक तास मात्र मला विसरता येत नाही.

त्या दिवशी मी वैकल्पिक खर्च शिकवत होते. बी. ए. लाच झालेला भाग, पण एम. ए. ला तो पुन्हा नीट बघावा लागतो. मी म्हटलं, एखाद्या गोष्टीचा खरा खर्च म्हणजे तिच्यासाठी मोजलेले पैसे नव्हेत. तिच्यासाठी आपण जी दुसरी गोष्ट सोडली, ती तिचा खर्च. शेतात कापूस लावला तर कापसाचा खर्च म्हणजे न लावलेलं सोयाबीन. हा खर्च कुठल्या पावतीवर येत नाही. निवडून झाल्यावर तो कुणी विचारतही नाही.

निवृत्तीराव एकदम मोठ्यानं हसले. सगळ्यांनी वळून बघितलं. ते हसतच होते, तोंडावर हात धरून, खांदे हलत होते, आणि मग ते हसणं कुठल्या क्षणी थांबलं आणि त्याच्या जागी काय सुरू झालं ते आम्हांला कळलं नाही. ते उठले, बाकाला धडकत बाहेर गेले.

मी मुलांना वाचायला सांगितलं आणि मागं गेले. ते व्हरांड्याच्या कठड्याला दोन्ही हात लावून उभे होते.

"मॅडम, हा शब्द मी ऐकलेला हाय," ते म्हणाले. "तिच्याच तोंडून."

धम्मप्रिया दहावीला असताना त्यांना उदगीरला बदली मिळत होती. पण उदगीर दुसऱ्या परिमंडळात. विनंती बदली घेतली तर इतक्या वर्षांची ज्येष्ठता जाणार आणि नव्या ठिकाणी सगळ्यांत खाली नाव लागणार. इकडं बढती तोंडावर आलेली. एका शनिवारी विठाबाईच्या समोरच्या खोलीत त्यांनी विशाखाला सगळं समजावून सांगितलं. बढती घेतली तर पगार किती वाढेल, पेन्शनवर काय फरक पडेल, पोरीच्या शिक्षणाला कसं सोपं जाईल. ती ऐकत होती. त्या दिवशी तीच ऐकत होती. मग तिनं विचारलं, "यात वैकल्पिक खर्च धरलात का तुम्ही?"

"मला वाटलं पीएफसारखी कपात असंल कायतरी," निवृत्तीराव म्हणाले. "मी म्हनलो, तो आमच्याकडं कापत न्हाईत. तर ती हसली. लई हसली, डोळ्यांतून पानी येस्तोवर. मीबी हसलो. मला वाटलं, मी जोक मारला."

खाली मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं.

"ती म्हनत होती, उदगीरला या. अन् मी म्हनलो, कापत न्हाईत."

"त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत?" मी विचारलं.

"न्हाई. मी बढती घेतली. तिनं पेढे वाटले कॉलेजात."

मी त्यांना म्हणाले की विशाखाबाईंना हवं होतं तर त्या साध्या शब्दांत सांगू शकल्या असत्या. असं बोलून मी त्यांचं ओझं हलकं करू बघत होते. त्यांनी मान हलवली. "तिच्यासाठी तेच साधे शब्द होते, मॅडम. मीच शिकलेलो नव्हतो."

मला वाटलं, आता हा माणूस कॉलेज सोडेल. दोन दिवस ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बाकावर, भिंतीकडेला, आपल्या जागेवर होते.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागतो. मुलं बचत गट घेतात, पीक विमा घेतात. निवृत्तीराव माझ्याकडं आले आणि म्हणाले, नोकरीपायी नवरा एका गावी अन् बायको दुसऱ्या गावी, अशी माणसं मला बघायची हायत. मी म्हटलं, विषय चांगला आहे, पण तुम्हांला झेपेल का? मला गणिताबद्दल म्हणायचं नव्हतं, आणि ते त्यांना कळलं.

"झेपंल," ते म्हणाले. "मी तेच तर करून राहिलोय दोन वर्सं."

शनिवारी दुपारनंतर आणि सोमवारी पहाटे ते नांदेडच्या बस स्टँडवर उभे राहत. कधी लातूरला जात, कधी उदगीरला. हातात पिशवी, पिशवीत प्रश्नावली. शिक्षक, नर्सबाई, पोलीस, ग्रामसेवक, कंडक्टर. आधी लोक संशयानं बघायचे, कुठल्या तरी खात्याचा माणूस समजायचे. पण हे आपली गोष्ट सांगायचे आणि समोरचा बोलू लागायचा. बस सुटायची वेळ झाली तरी बोलत राहायचा.

माहूरकडं नोकरी करणाऱ्या नीलाबाई नावाच्या नर्स होत्या. त्यांचे मालक व्यंकटी निलंग्याला शाळेत शिपाई. निवृत्तीरावांनी विचारलं, वेगळं राहिल्यानं तुमचं काय गेलं? नीलाबाई म्हणाल्या, "भांडनं गेली. शनिवारी यायचं, रविवारी जायचं, त्यात कोन भांडंल? बावीस वर्सं झाली, आमचं एकबी भांडन पुरं झालेलं न्हाई."

हे मला सांगताना निवृत्तीराव कितीतरी वेळ मान हलवत होते. "आमचं तर सुरूबी झालं न्हाई," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडून तक्ते करून घेतले, टक्केवाऱ्या काढून घेतल्या. महादेवीनं टाइप करून दिलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले प्राध्यापक शिस्तीचे होते. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "नमुना कसा निवडला?"

"स्टँडवर जे भेटले ते घेतले सर."

"याला नमुना निवड म्हणत नाहीत."

"हाव सर."

"बरं, निष्कर्ष काय?"

निवृत्तीराव उभे राहिले. बसून उत्तर द्यायचं असतं, पण ते उभे राहिले. "सर, ह्या लोकांनी पगार मोजला, बढती मोजली, पेन्शन मोजली. वेगळं राहन्याचं कुनी मोजलं न्हाई. कारन ते मोजायला बसलं तर नोकरी होत न्हाई."

"हा निष्कर्ष झाला नाही. हे तुमचं मत आहे."

"हाव सर. मतच हाय."

मार्क मध्यमच मिळाले, आणि पद्धतीच्या दृष्टीनं बघितलं तर ते बरोबर होते. निकाल लागला तेव्हा निवृत्तीराव द्वितीय श्रेणीत पास झालेले होते. महादेवीनं त्यांना हार घातला. कँटीनमध्ये त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. मुलं गेल्यावर मी विचारलं, "मग, मिळालं का हवं होतं ते?"

त्यांनी कप खाली ठेवला. "जे आठवतं ते आता कळतं, मॅडम. ती बँकेचं बोलायची, तुरीचं बोलायची, समदं कळतं. उत्तरंबी सुचतात. पन आठवतं कितीसं? तीस वर्सांतलं मूठभर. बाकी मी झोपंत घालवलं. ते कुठल्या कॉलेजात मिळंल?"

मी त्यांचं अभिनंदन केलं. ते निघून गेले.

पुढं ते उदगीरला राहायला गेल्याचं कानावर आलं. मला नवल वाटलं. मुलगी हैदराबादला, बहीण नांदेडला, उदगीरला आता त्यांचं कोण? गेल्या वर्षी परीक्षेच्या कामासाठी मी उदगीरला गेले, तेव्हा त्यांना फोन केला. ते स्टँडवर घ्यायला आले. तब्येत बरी होती. "जयभीम मॅडम," म्हणाले. मी जयभीम म्हटलं, आणि आम्ही चालत निघालो.

विशाखाबाई ज्या घरात भाड्यानं राहायच्या तेच त्यांनी घेतलं होतं. बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि शेजारी तिचा. त्यांनी चहा केला, भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. भाकरी खरंच चांगली होती. मी विचारलं, "इथं एकटं वाटत नाही का?"

"वाटतं की," ते म्हणाले. "पन हितं ती सापडती."

म्हणजे काय ते मला जेवणानंतर कळलं. मला परतीच्या बसला सोडायला ते बरोबर निघाले. रस्त्यात एका औषधाच्या दुकानासमोर थांबले. काउंटरवर पस्तिशीचा माणूस होता. त्यांनी ओळख करून दिली, हा आनंदराज, मंडळीचा विद्यार्थी. आनंदराजनं हात जोडले. या गावात विशाखाबाईंनी पंचवीस-तीस वर्षं शिकवलं होतं. दुकानदार, बँकेतले कारकून, मोंढ्यातले मुनीम, तहसीलमधल्या बायका, निम्मं गाव त्यांचा विद्यार्थी. निवृत्तीराव रोज संध्याकाळी बाहेर पडायचे, कुणी ना कुणी भेटायचं, आणि मॅडम वर्गात काय बोलायच्या ते त्यांना सांगायचं.

"त्या दिवशी तू काय सांगत होतास आनंदराज?" निवृत्तीराव म्हणाले. "गिऱ्हाईक आलं अन् राहून गेलं बघ."

आनंदराज माझ्याकडं बघून जरा संकोचला. "मॅडम इच्छा आणि मागणी यातला फरक शिकवायच्या, ते. पुस्तकात गरीब माणूस आणि मोटारीचं उदाहरण होतं. पण मॅडम म्हणाल्या, ते राहू द्या. माझे मालक तिकडं किनवटच्या जंगलात खांबावर असतात. ते संध्याकाळी घरी यावेत, असं मला रोज वाटतं. ही झाली इच्छा. ती कितीही मोठी असली तरी तिची किंमत मोजता येत नसेल, तर अर्थशास्त्र तिला मागणी म्हणत नाही." तो थांबला. "आम्ही पोरं, आम्ही हसलो. मॅडमपण हसल्या. पण मला ते तेवढं लक्षात राहिलं, बाकी सगळं विसरलो."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. दुकानात ताप उतरायचं औषध मागायला एक बाई आली, ती घेऊन गेली. निवृत्तीराव काउंटरवर दोन्ही हात टेकवून उभे होते. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, फक्त डोळे आनंदराजच्या तोंडावर होते, आमच्या वर्गात माझ्या तोंडावर असायचे तसे. माझ्या बसची वेळ होत आली होती.

"अजून काय म्हनायच्या?" निवृत्तीरावांनी विचारलं.